भुऱ्याला कोणाकडे ठेवू?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा बोलता बोलता मी फोन ठेवून दिला. चूक माझीच. पण 'भुऱ्याला नागपूरला कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये टाका, पैसे मी पाठवते' असं तू म्हणालीस, जसं काही ते सोयाबीनचं पोतं आहे. सात वर्षांत भुऱ्या कधी जाळीच्या आत राहिला नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन शुक्रवारी. बुधवारी निघावं लागेल, आणि दहा दिवस तिथंच धरून चाला म्हणतात.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मागच्या दिवाळीत तुझ्याकडे पुण्याला आलो, तेव्हा गावातल्याच एका पोट्ट्याला रोजचे शंभर रुपये ठरवून भुऱ्या सोपवला होता. फोनवर रोज 'मजेत आहे काका'. परत आलो तर कोठ्यात नायलॉनच्या दोरीनं बांधलेला. गळ्याचे केस गेलेले, खालची कातडी ओली, पाण्याचं घमेलं कोरडं ठणठणीत, त्यात कोंबडीचं एक पीस. मला पाहून शेपटीसुद्धा हलवली नाही त्यानं. आई दोन दिवस धड जेवली नाही. तिनंच तुला सांगू नका म्हटलं.

म्हणून यावेळी पंधरा दिवस आधीपासून विचारत फिरतो आहे. काकाच्या घरी रांगतं लेकरू. गुरुजी हौसेनं तयार, पण ते पोह्यातला कांदा घालणार. कुत्र्याला कांदा बाधतो म्हटलं तर हसले. आपला सालदार म्हणाला, वावरात घेऊन जाईन. पण सध्या कपाशीवर फवारणी सुरू आहे. 2017 ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं गेली, हा तर घरी येऊन पाय चाटत बसणारा प्राणी.

शेवटी शेळ्यावाल्या बुढीकडे गेलो. पैशाचं काढलं तर अंगावरच आली, "कुत्र्याच्या भाकरीचे पैसे घेऊ का मी?" मला तरी भरवसा नव्हता. एक रात्र ठेवून पाहिला आणि पहाटे पाचलाच, न सांगता, जाऊन उभा राहिलो. भुऱ्या सपरीत तिच्या खाटेखाली, दोरी नाही, घमेल्यात ताजं पाणी. ती चूल पेटवत होती. मान वर न करता म्हणाली, "पारख करून रायले का दादा माही?" इतका ओशाळलो की चहाही घेतला नाही.

तिच्या नातवाला कागद लिहून दिला आहे. रेबीजचं इंजेक्शन झालं त्याची तारीख, डॉक्टरांचा नंबर, रोज कानामागचे गोचीड पाहणे, रात्री दाराच्या आत घेणे. हे शेवटचं दोनदा लिहिलं. बिबट्या कुत्र्यासाठीच गावात शिरतो.

तुला आठवते का, टी-1 वाघिणीच्या धाकानं दिवस मावळला की रस्ता सुना पडायचा, त्या 2018 मध्ये तू राळेगावहून एकटी चालत आलीस, स्वेटरमध्ये हे पिल्लू. दहावीत होतीस. मी थापड मारली होती तुला. तू रडली नाहीस, आधी दूध मागितलंस, त्याच्यासाठी. गावात आजही सांगतो मी हे, थापडेचं सोडून.

तूही तिथं नव्या खोलीची किल्ली कोणाकोणाला दिलीस? घरमालकाकडे एक आहे म्हणालीस. आतून कडी लावत जा. मैत्रीण झाली म्हणून लगेच सगळं सांगत बसू नको, माणूस चार दिवस पाहावा, मग... हे बघ, लागलो भाषण द्यायला. माफ कर. तुला कळते सगळं.

बुढी चांगलीच आहे. तरी दहा दिवस म्हणजे फार होतात गं. आणि तिचंच काही दुखलं-खुपलं तर? नातवाचा नंबर तुलाही पाठवतो. एक दिवसाआड फोन कर त्याला, फोटो माग. रोज नको, त्यांना वाटेल विश्वास नाही.

तुझी जुनी निळी ओढणी त्याच्या अंथरुणात दिली आहे. विचारलं नाही.

आईला सकाळी सातला आत नेणार आहेत. तू सहाला तिला फोन कर. तिच्यासमोर मला काही विचारू नको. माझ्याशी नंतर बोललीस तरी चालते.

तुझे बाबा