आधी नजर सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या फोटो-एडिटिंगच्या फेऱ्यांमध्ये तुम्ही इतक्या जणांना इतकं काही मनापासून लिहून दिलंत, की त्याचे आभार एका ओळीत उरकणं मला जमेना. खाजगीत लिहिता आलं असतं. पण तुमच्या अभिप्रायांचा फायदा सगळ्यांना झाला आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

ज्यांना आपला हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण आपण काढलेल्या फोटोची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, देतो. बाकीचे तीच फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन बसतात, कुणी लाइटरूममध्ये, कुणी डार्कटेबलमध्ये, कुणी पुढे गिंपमध्ये, आणि मुदतीत आपापला फोटो सादर करतात. ज्याचा फोटो फाइल देणाऱ्याला भावतो, तो पुढच्या फेरीची फाइल देतो. बक्षीस वगैरे काही नाही. मिळतो तो अभिप्राय, आणि तो बहुतेक वेळा ‘मस्त!’, ‘रंग छान आलेत’ इथेच थांबतो. कौतुकाने हुरूप येतो, ते हवंच. फक्त पुढच्या वेळी कुठला स्लायडर (उजेड-रंग कमीजास्त करायची सरकपट्टी) कशासाठी हलवायचा, हे त्यातून कळत नाही.

तुम्ही सुरुवातच वेगळ्या जागेवरून करायचात. पहिला प्रश्न असायचा, ‘यात तुला काय दाखवायचं होतं?’ उत्तर येईपर्यंत तुम्ही थांबायचात. मग तुमची नजर फोटोत कुठे पडली, तिथून कुठे गेली, कुठे रेंगाळली आणि कुठून बाहेर पडली, एवढंच लिहायचात. चांगलं-वाईट काहीच नाही. त्यानंतर एखादी सूचना, फार तर दोन, आणि त्याही जागा दाखवून: डावा वरचा कोपरा, हनुवटीखालची सावली, पाण्यातल्या प्रतिबिंबाची कड.

खिडकीशी बसून वाचणाऱ्या आजोबांच्या फोटोची फेरी मला विसरता येत नाही. फाइल अवघड होती. एका बाजूने ढगाळ आभाळाचा निळसर उजेड, दुसऱ्या बाजूला टेबलावरचा पिवळा दिवा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. तसा दिवा साधारण 2,700 केल्विनचा, ढगाळ आभाळ 6,500 च्या आसपास किंवा त्याहून वर, आणि पांढरा पांढराच दिसावा म्हणून लावायचा व्हाइट बॅलन्सचा आकडा मात्र सगळ्या फोटोला मिळून एकच. दिवा पांढरा करावा तर खिडकी निळीशार होते, खिडकी सावरावी तर खोली नारिंगी. प्रत्येकाने आपापली वाट काढली होती, आणि तुम्ही प्रत्येकाला त्याच्याच वाटेवर पुढे नेलंत. खिडकी निळी ठेवणाऱ्याला तुम्ही ‘निळा कमी कर’ म्हणाला नाहीत. बाहेरचा गारवा हवा असेल तर निळा राहू दे, पण तो आजोबांच्या पांढऱ्या केसांत उतरलाय, तेवढाच मास्क लावून, म्हणजे फक्त ती जागा निवडून, काढ, असं सुचवलंत. एकाने फोटो कृष्णधवल केला होता. रंगांचा झगडा मिटला, पण आता खिडकी आणि पुस्तकाचं पान दोन्ही सारखीच पांढरी दिसताहेत, हे तुम्ही नेमकं पकडलंत. उपायही त्या फोटोतूनच काढलात: कुठला रंग किती उजळ वा गडद दिसावा हे ठरवणाऱ्या कृष्णधवल मिक्समध्ये निळा खाली घेतला की खिडकी गडद होईल, पानावर दिव्याचा पिवळा उजेड आहे, त्याला फारसा धक्का लागणार नाही. हा अभिप्राय माझ्यासाठी नव्हता, तरी मी तो जपून ठेवला आहे.

माझ्या फोटोबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘नजर आधी चेहऱ्यावर, मग पुस्तकावर, मग खिडकीच्या वरच्या चौकटीवर गेली आणि तिथूनच बाहेर पडली. खिडकी अर्धा स्टॉप खाली आणून बघ. चेहऱ्याला हात लावू नकोस.’ मी तर चेहरा उजळण्याच्या विचारात होतो. तुम्ही सांगितलंत तसं केलं, खिडकी अर्ध्या स्टॉपने, म्हणजे थोडी गडद केली, आणि चेहरा आपोआप उजळ दिसू लागला. त्यातल्या एकाही पिक्सेलचा आकडा बदलला नव्हता. असं का होतं, हे विचारल्यावर तुम्ही शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाबद्दल सांगितलंत. पॅरिसच्या गोबेलाँ कारखान्यात तो रंगकामाचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार आली, की निळ्या-जांभळ्या कापडात तो फिका पडतो. त्याने तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे डोळ्याला काळा वेगळा दिसत होता. त्यावरचं त्याचं पुस्तक 1839 मध्ये आलं. तेव्हापासून मी एखादी जागा उजळण्याआधी तिच्या भोवतालाकडे बघतो. माझ्या एडिटिंगमध्ये एवढा मोठा बदल दुसऱ्या कशानेच झालेला नाही.

नव्याने आलेल्या एका मित्राचे फोटो सतत काळोखे यायचे. बाकीचे ‘एक्स्पोजर वाढवा’ म्हणत राहिले, तो वाढवायचा, पुढचा फोटो पुन्हा काळोखा. तुम्ही त्याला हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख, बघायला सांगितलात. सगळा ढीग डावीकडे, म्हणजे गडद बाजूला, आणि तरी त्याला स्वतःला फोटो उजळ दिसत होता. मग तुम्ही विचारलंत, ‘स्क्रीनचा ब्राइटनेस किती ठेवलाय?’ पूर्ण वाढवलेला होता. प्रखर पडद्यावर काम करणारा माणूस नकळत फोटो गडद करत जातो. साध्या उजेडाच्या खोलीत पडद्याला प्रति चौरस मीटर 100 ते 120 कँडेला (उजेड मोजायचं एकक) एवढी प्रखरता पुरते, हे तुम्ही सांगितलंत, आणि मोजायचं उपकरण नसेल तर पांढरा कागद पडद्याशेजारी धरून दोन्ही सारखे दिसतील इतपत ब्राइटनेस उतरवायचा, हा अंदाजाचा उपायही दिलात. तो माणूस एडिटिंग आपल्याला जमणारच नाही असं धरून चालला होता. आज तो प्रत्येक फेरीत असतो.

आकाशात पट्टे पडलेल्या त्या सूर्यास्ताचंही तसंच. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला गडदपासून उजळपर्यंत 256 पायऱ्या, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384, म्हणून आभाळातला फरक ताणून वाढवायचा तो रॉमध्येच वाढवावा, नाहीतर पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. दोन वाक्यांत काम झालं.

एका फेरीत वाद पेटला होता, तो तुम्हाला आठवत असेल. ‘मूळ प्रसंगाशी प्रामाणिक’ एडिट कुठलं, यावर दोन तट पडले. तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवताना जो फोटो काढला, त्याच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या प्रिंट शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगितलंत. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात ढगांच्या फिकट रेघा दिसतात, पुढच्या दशकांतल्या प्रिंटमध्ये आभाळ जवळजवळ काळं होत गेलंय. निगेटिव्ह तीच, माणूस तोच, त्याचं बघणं बदलत गेलं. वाद तिथे मिटला, आणि मला वाटतं त्यानंतर आपल्या गटात कुणी ‘चूक’ हा शब्द फारसा वापरलेला नाही.

ताई, मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तुम्ही माझी आवड मला परत दिलीत. मला दबलेले, मातकट हिरवे आवडतात. तुमची झाडं पावसात न्हाल्यासारखी तजेलदार असतात. तरी तुम्ही कधी माझ्या झाडांचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा-भडकपणा, वाढवायला सांगितलं नाहीत. उलट, तसा हिरवा ठेवायचा तर त्यातला पिवळा थोडा खाली घे, नाहीतर पानं वाळल्यासारखी दिसतील, हे सुचवलंत. म्हणजे माझ्या फोटोकडे तुम्ही माझ्या बाजूने बघितलंत. यासाठी स्वतःची आवड बाजूला ठेवावी लागते, आणि ते किती अवघड आहे हे आता मी इतरांना अभिप्राय लिहू लागल्यावर कळतंय. एखादा फोटो बघितला की हात शिवशिवतात, आपल्याला हवा तसा करून दाखवावासा वाटतो. तुम्ही मात्र विचारल्याशिवाय कुणाच्या फोटोला कधी हात लावला नाहीत. कुणी परवानगी दिलीच, तर केलेला प्रत्येक बदल आकड्यांसह लिहून द्यायचात, म्हणजे नको असलेला त्याला काढून टाकता येईल.

आणि जिंकणाऱ्यालाही तुम्ही तेवढंच लिहायचात जेवढं शेवटच्याला. पहिल्या आलेल्या फोटोला फक्त शाबासकी मिळते आणि त्याचं शिकणं तिथेच थांबतं, हे मी अनेकदा पाहिलंय. तुम्ही त्याच्याही फोटोतली शार्पनिंगमुळे (कडा ठळक करण्यामुळे) डोंगराच्या कडेला आलेली पांढरी रेघ दाखवायचात, शंभर टक्के झूम करून बघ म्हणायचात.

आता एक मागणं. पुढच्या फेरीची फाइल माझी आहे: धुक्यातलं तळं, एकच होडी, आणि अर्ध्याहून जास्त फोटो जवळजवळ सपाट राखाडी. त्यात काय करता येईल ते मला अजून पुरतं दिसलेलं नाही, म्हणूनच ती निवडली. तुम्ही भाग घ्याच. आणि तुमच्या फोटोवर पहिला अभिप्राय मला लिहू द्या. आधी विचारीन, तुम्हाला काय दाखवायचं होतं. मग माझी नजर कुठून कुठे गेली ते लिहीन.

मनापासून आभार.

तुमचा,
फेरीतला एक सोबती