मुलांची लग्नाची तयारी तरुण संघातच सुरू व्हावी

महोदय,

मे महिन्यात आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत लग्नांची धांदल असते. तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावे पुकारली जातात, हॉल ठरतो, गाऊन की शालू यावर घरोघर खल होतो. पाळकसाहेब मात्र वधूवरांना समोर बसवतात ते बहुधा शेवटच्या आठवड्यात. तोवर मुलगा पत्रिका वाटण्यात बुडालेला असतो. त्या घाईत त्याच्या कानावर काय पडणार?

मी निवृत्त शिक्षिका आहे, महिला संघाचे काम करते. ओळखीतल्या मुलीसाठी स्थळ पाहायला गेले होते. मुलगी नर्स. तिने मुलाला सरळ विचारले, ‘माझी नाईट असेल तेव्हा सकाळचा डबा कोण करणार?’ मुलाने आईकडे पाहिले. मुलगा वाईट नव्हता, निर्व्यसनी होता, गायनमंडळात गात होता. पण हा प्रश्न आपल्याला कोणी विचारेल, हेच त्याच्या मनात कधी आले नव्हते. आमच्या या अहिल्यानगरात अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरारबाईंनी एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळा चालवल्या. मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. त्यांच्याबरोबर संसार करायला मुलांना कोणी तयार केले?

पती हा पत्नीचे मस्तक, हे बायबलातले वचन आमच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. इफिसकरांस पत्राच्या त्याच पाचव्या अध्यायात दोनच ओव्या पुढे पौल पतींना सांगतो, की ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला दिले तशी प्रीती करा. घरातले पुढारपण म्हणायचे ते हेच. ते हुकूम सोडून येत नाही. कर्ज असेल तर लग्नाआधी सांगणे, आई आणि बायको यांच्यामध्ये न लपता उभे राहणे, संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेला स्वतः सगळ्यांना बोलावणे, यातून ते येते.

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. टिळक तापट होते, हे लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवले आहे. तरीही आपली श्रद्धा त्यांनी पत्नीवर लादली नाही, वाट पाहिली. हे आमच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे. कायद्याला तर अशी समज यायला फार उशीर झाला. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागासारखे आणखी कारण दाखवावे लागे. ती विषमता २००१ साली गेली.

लग्नाआधी मुलामुलींनी भेटावे की नाही, यावर मंडळीत अजून कुजबुज चालते. ती फोनवर बोलतातच. त्यापेक्षा घरच्यांना सांगून काही महिने भेटू द्या. मुलाला खरे बोलायची सवय लागेल, आणि मुलीने नकार दिला तर तो मान खाली न घालता, राग न धरता स्वीकारायचा, हेही तो शिकेल. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

दृढीकरणाच्या, म्हणजे मुले आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करतात त्या विधीच्या तयारीच्या, वर्गापासूनच हे विषय घ्यावेत. संसार सांभाळलेली दोन-तीन वडीलधारी जोडपी दर महिन्याला तरुण संघात येऊन मुलांशी बोलोत: पैसा, दारू, राग, स्वयंपाक, सासुरवाडी, सगळे. आमच्या मंडळीच्या पंचांपुढे मी ही सूचना ठेवत आहे. इतर मंडळ्यांनीही यंदाच्या उन्हाळी शिबिरात मुलांसाठी एक दिवस राखून ठेवावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर