ग्लासातल्या थुंकीत ‘यीस्ट’ दिसत नाही

संपादक महोदय,

सकाळी उठल्याबरोबर पाण्याच्या ग्लासात थुंकायचे आणि थुंकीचे धागे खाली लोंबले की ‘आतड्यात यीस्ट वाढले’ असे समजायचे, अशी चाचणी मोबाइलवर फिरत असते. ते धागे लाळेतल्या चिकट म्यूसिनचे असतात. तोंड कोरडे असलेल्या कुणाचेही लोंबतील. शौचाच्या तपासणीत कॅन्डिडा (ज्याला इथे ‘यीस्ट’ म्हणतात ती बुरशी) सापडणे हाही आजार नव्हे. अनेक धडधाकट माणसांच्या आतड्यात ही बुरशी मुक्कामाला असतेच.

ती माजते ती प्रतिजैविकांनी तिला आवरणारे जिवाणू मारले, मधुमेह हाताबाहेर गेला किंवा स्टिरॉइड, केमोथेरपी सुरू असली की. तेव्हाही खूण बहुधा तोंडात दिसते: पांढरा थर, पुसला तर खाली लालबुंद. दम्याचा स्टिरॉइड पंप घेणाऱ्यांनी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावावा, नंतर चूळ भरून पाणी थुंकावे. कवळी रात्री काढावी. गिळताना दुखू लागले तर मात्र डॉक्टर गाठावा. अन्ननलिकेतल्या संसर्गाला फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी गोळी साधारण 14 ते 21 दिवस लागते. हीच गोळी रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याला रक्तस्रावाच्या आणि मधुमेहाचे ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला साखर अचानक उतरण्याच्या धोक्यात टाकू शकते. औषधाच्या दुकानातून ती परस्पर आणणारे हे विचारतच नाहीत!

नुसता थकवा आणि पोटफुगी असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासा. आंबवलेल्या पिठाने ‘यीस्ट’ वाढेल या भीतीने इडली-डोसा सोडण्याचे कारण नाही. पीठ फुगवणारे सूक्ष्मजीव वेगळे, शिवाय ते वाफेत आणि तव्यावर मरतात.

– एक वाचक, पुणे