आठाचा नऊ झाला

ओव्हरलँड पार्क, कॅन्सस
रविवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल किती तरी वर्षांनी डबी शोधायला गेलो. कोणीतरी लपवलेली डबी अक्षांश-रेखांशांवरून हुडकायची आणि आतल्या कागदावर नाव टाकायचं, हा आपला जुना खेळ, जिओकॅशिंग; तू सिअ‍ॅटलला गेल्यापासून फोनमधलं त्याचं अ‍ॅप उघडलंच नव्हतं. (या खेळाचं मुख्यालय तुझ्याच गावात, आणि तू एकदाही तिकडे फिरकली नाहीस, हे माझ्या लक्षात आहे.) आईला म्हटलं, चल, फोर्ट लेव्हनवर्थला जाऊन येऊ. "उन्हातान्हात छावणीत काय ठेवलंय?" म्हणाली, पण थालीपीठं बांधून घेतलीच.

छावणी आजही चालू आहे, त्यामुळे फाटकावर ओळखपत्रं, तपासणी, पास. म्हणूनच डबी आत नाही, आत फक्त प्रश्न. बफेलो सोल्जर्सच्या स्मारकापाशी उत्तरं जमवायची, त्यातले अंक सूत्रात घालायचे, की बाहेर गावातल्या डबीचे अक्षांश-रेखांश मिळतात.

बफेलो म्हणजे आपली म्हैस नव्हे हं, इथला केसाळ बायसन. हे नाव या काळ्या सैनिकांना मूळ रहिवाशांनी दिलं. 1866 साली, गुलामगिरी संपून जेमतेम वर्ष होतंय तोवर, काळ्या घोडेस्वारांच्या दोन रेजिमेंट उभ्या राहिल्या, 9वी आणि 10वी. त्यातली 10वी इथेच, याच छावणीत. पगार महिना 13 डॉलर, अधिकारी गोरे. त्यांचा कर्नल ग्रियर्सन माणूस बरा होता, पण छावणीच्या प्रमुखाने त्यांना तळ ठोकायला दिली दलदलीची जागा. माणसं न्यूमोनियाने आजारी पडली. वर हुकूम असा, की कवायतीला गोऱ्या पलटणीपासून दहा-पंधरा यार्ड लांब उभं राहायचं. हे 'लांब उभं राहा' मला काही नवीन वाटलं नाही. तुलाही वाटणार नाही.

आणि पुढे त्यांना लढायला धाडलं ते कोणाशी? ज्यांची जमीन बळकवायची होती त्यांच्याशी. ब्रॉन्झच्या त्या घोडेस्वाराकडे बघताना हे मला टोचत राहिलं. आई म्हणाली, "पोटासाठी गेले असतील." तिचंही खरं.

सगळ्यात आवडलं ते स्मारक कसं झालं ते. 1982 साली कॉलिन पॉवेल इथे ब्रिगेडियर जनरल होते. या सैनिकांची काही खूण आहे का म्हणून पाहिलं, तर 9व्या आणि 10व्या घोडदळाच्या नावाच्या दोन खडीच्या गल्ल्या. बस, एवढंच. त्यांनी मनावर घेतलं, पण त्यांची बदली झाली. पुढे नौदलातले कमांडर कार्लटन फिलपॉट इथे आले आणि त्यांनी पैसे जमवण्यापासून सगळं अंगावर घेतलं. पुतळा केला टेक्ससच्या एडी डिक्सन यांनी. 25 जुलै 1992 ला अनावरण झालं, तेही पॉवेल यांच्याच हस्ते. तेव्हा ते अमेरिकेच्या सगळ्या सैन्यदलांचे सर्वोच्च अधिकारी होते.

आता माझा पराक्रम. शेवटचा प्रश्न होता, "त्या अधिकाऱ्याला गल्ल्या दिसल्या ते साल?" माझ्या डोक्यात अनावरण घोळत होतं, मी ठोकून दिलं 1992. आठाच्या जागी नऊ. तुला आठवतं ना, अक्षांशातल्या मिनिटांच्या पहिल्या दशांशात अंक एकाने चुकला की उत्तर-दक्षिण 185 मीटरचा फरक पडतो? अर्धा तास मी एका परक्या माणसाच्या कुंपणाशी वाकून हात घालत होतो. त्यांचा कुत्रा भुंकायला लागला. आई गाडीत बसून थालीपीठ खात होती. शेवटी तिनेच कागद हातात घेतला. "अहो, बदली नंतर झाली ना? मग गल्ल्या आधीच्याच."

डबी निघाली झाडाच्या मुळात. फिल्मच्या रोलची जुनी काळी डबी, आत सुपारीएवढी कागदाची गुंडाळी. तुझी पेन्सिल न्यायची सवय मला लागली ते बरं झालं, पेन ओल्या कागदावर उमटलंच नसतं. तारीख टाकली आणि खाली पूर्वीसारखं 'खारूताई आणि बाबा' लिहिलं. खाते अजून त्याच नावाने आहे.

जागा तेवढीच होती. आईचं नाव राहिलं. उत्तर तिने काढलेलं, त्यामुळे कालपासून घरात जरा शांतता आहे. फोन करशील तेव्हा आधी तिच्याशी बोल.

तुझा,
बाबा