सिनरनं कच खाल्ली नाही

सांगली, १२ जून २०२५

प्रिय संद्या,

पार्सलमध्ये भडंगाची तीन पाकिटं आहेत, दोन तुझी आणि एक काकूंचं, काकूंचं कमी तिखट आहे ते आधी बाजूला काढ. पैज तू जिंकलास, मी हरलो, त्यामुळं भडंग तुझंच. पण सोमवारी फोनवर तू एक वाक्य बोललास ते चार दिवस डोक्यातून जाईना म्हणून पाकिटांबरोबर हे पत्र टाकतोय. तू म्हणालास, सिनरनं कच खाल्ली. संद्या, रविवारची ती फ्रेंच ओपन टेनिसची फायनल, यानिक सिनर आणि कार्लोस अल्काराझची, तू शेवटपर्यंत बघितलीच नाहीस. चौथ्या सेटला ५-३ झाल्यावर टीव्ही बंद करून झोपलास, सकाळी बसमध्ये रिझल्ट बघितलास आणि सिनरनं तीन चॅम्पियनशिप पॉइंट (एक जरी घेतला तरी कप त्याचा) घालवले एवढं वाचून निकाल देऊन मोकळा झालास. तुझी फर्स्ट शिफ्ट असते, साडेचारला उठावं लागतं, मला माहितीय, झोपलास त्याचा राग नाही. पण जे झालं ते तुला मी सांगितलंच पाहिजे, कारण तेव्हा मी जागा होतो.

आधी माझं भाकीत का तसं होतं ते ऐक. फायनलच्या आदल्या रात्री मी तुला मेसेज केला होता, सिनर, चार सेटमध्ये. पूर्ण विचार करून लिहिलं होतं ते. फायनलपर्यंत त्यानं एक सेट सोडला नव्हता, एकही नाही, आणि सेमीला समोर जोकोविच होता त्यालाही तीन सेटमध्ये काढला. यूएस ओपन जिंकलेला, ऑस्ट्रेलियन जिंकलेला, जगात एक नंबर. कार्लोसनं त्याच दोन आठवड्यांत चार सेट घालवले होते. मला वाटलं दोन तास एका लेव्हलला खेळत राहायचं म्हटलं तर सिनरसारखा दुसरा कुणी नाही, आणि कार्लोस मध्येच कुठंतरी अर्धा तास हरवतो तसा हरवेल, तेवढ्यात सिनर पुढं निघून जाईल.

तुझा मुद्दा वेगळा होता आणि तो खरा होता हे आता मान्य करतो. तू लिहिलं होतंस की या दोघांतल्या शेवटच्या चारही मॅच कार्लोसनं घेतल्यात, तीन आठवड्यांपूर्वी रोमला फायनलमध्ये दुसरा सेट ६-१ असा घेतलाय, आणि पाचव्या सेटला गेलं की कार्लोस आयुष्यात एकदाच हरलाय. त्यावर मी म्हटलं होतं पाचव्या सेटला जाणारच नाही. आणि रात्री नऊपर्यंत माझंच बरोबर दिसत होतं की रे! ६-४, मग ६-६ बरोबरी होऊन टायब्रेकला, म्हणजे सेटचा निकाल लावणाऱ्या शेवटच्या गेमला, ७-६, दोन सेट सिनर. दोन सेट मागे पडून कार्लोस त्याआधी कधीच जिंकला नव्हता. बाबा जेवायला बसले होते, ते म्हणाले झालं, आता काय राहिलंय.

तिसरा कार्लोसनं ६-४ घेतला. तिथून पुढं मी ताटावरून उठलोच नाही, हात वाळला.

आता चौथ्याचं सांगतो, इथंच तू झोपलास. ५-३ सिनर, कार्लोसची सर्व्हिस, आणि लव्ह-फॉर्टी, म्हणजे कार्लोस शून्य, सिनर चाळीस. तीन चॅम्पियनशिप पॉइंट, एकापाठोपाठ एक. बाबा म्हणाले बंद कर आता, संपलं. माझा हात रिमोटवर होता. माझाच माणूस जिंकत होता, भडंग तुझ्याकडून यायचं होतं (तुम्ही काय पाठवणार होतात चाकणहून देव जाणे) आणि तरी माझ्या पोटात गोळा आला होता. कारण तोपर्यंत चार तास होत आले होते आणि कार्लोस ज्या पद्धतीनं धावत होता ते बघून वाटत होतं की हा असा लव्ह-फॉर्टीला जाऊ नये. पहिला वाचला. दुसरा वाचला. तिसरा वाचला. ड्यूस झाला, गेम कार्लोसचा. मग ५-४ वर सिनरची स्वतःची सर्व्हिस होती, ती होल्ड केली, म्हणजे तो गेम घेतला, की कप त्याचा, आणि ती ब्रेक झाली, गेम कार्लोसनं घेतला. टायब्रेक कार्लोसनं ७-३ घेतला.

तू म्हणतोस कच खाल्ली ती इथली ना? मी तो भाग दुसऱ्या दिवशी परत बघितला, दोनदा. सिनर घाबरून मागं सरला असं मला एकदाही दिसलं नाही. तो जसा दोन आठवडे मारत होता तसाच जोरात, लाईनच्या जवळ मारत होता, तसं मारलं की कधी इंचभर बाहेर जातो किंवा नेटला लागतो, आणि पलीकडचा माणूस त्याच वेळी एकही बॉल फुकट देत नव्हता. कच खाणारा माणूस बॉल नुसता कोर्टात टाकत बसतो. आपण कॉलेजच्या कोर्टवर खेळायचो तेव्हा मॅच पॉइंटला आपला हात कसा आखडायचा आठवतं का, सेकंड सर्व्हिस नुसती ढकलायची. तसं काही तिथं नव्हतं. कार्लोसनं ती मॅच त्याच्या हातातून काढून घेतली, त्यानं सोडली नाही. दोन्हीत फरक आहे, आणि तो फरक तुला दिसायला पाहिजे म्हणून मी एवढं लिहितोय.

आणि पुरावा पाहिजे असेल तर पाचवा सेट आहे. समज तू सिनर आहेस. तीन पॉइंट हातातून गेलेत, स्वतःची सर्व्हिस गेलीय, टायब्रेक गेलाय, पाचव्याच्या सुरुवातीलाच पुन्हा ब्रेक बसलाय. पंधरा हजार माणसांतली बहुतेक पलीकडच्याच्या नावानं ओरडतायत. कच खाणारा तिथं ६-२ ला संपतो की नाही? कार्लोस ५-४ ला मॅचसाठी सर्व्ह करत होता आणि सिनरनं ती सर्व्हिस फोडली! पाच तासांनंतर! मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या काकांनी दार वाजवलं, त्यांना वाटलं बाबांना काही झालं. मग ते पण येऊन बसले, लुंगीवर, त्यांना टेनिसमधलं काही कळत नाही पण म्हणाले बसतो जरा. ६-५ सिनर पुढं होता हे पण लक्षात ठेव. म्हणजे त्या रात्री तो दोनदा जिंकायच्या दारात जाऊन उभा राहिला.

मग ६-६ आणि दहा पॉइंटांचा टायब्रेक. रोलाँ गॅरोसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, पुरुषांची फायनल याआधी कधी या टायब्रेकवर गेली नव्हती. आणि तिथं जे झालं त्याला माझ्याकडं उत्तर नाही. सात-शून्य. सलग सात पॉइंट कार्लोसचे, साडेपाच तास होत आलेले असताना, असा खेळत होता की जणू आत्ताच कोर्टवर आलाय. सिनरचा यात काय दोष सांग. शेवटचा पॉइंट तर तू यूट्यूबवर बघितलाच असशील, नसलास तर आत्ता पत्र ठेव आणि बघ. सिनर नेटजवळ, कार्लोस पळत पळत फोरहँड डाऊन द लाईन मारतो आणि बॉल त्याच्या बाजूनं निघून जातो. १०-२. कार्लोस पाठीवर आडवा, लाल मातीत. ५ तास २९ मिनिटं. पॅरिसची सगळ्यात लांब फायनल, आधीची १९८२ ची होती विलांडर आणि विलासची, ४ तास ४२ मिनिटांची.

एक आकडा सांगतो, तो वाचून मी बराच वेळ नुसता बसलो. सगळ्या मॅचमध्ये सिनरनं जिंकलेले पॉइंट १९३. कार्लोसनं १९२. म्हणजे जो हरला त्याचा एक पॉइंट जास्त आहे. माझं भाकीत चुकलं, पण मी ज्यावर बोललो होतो, की सिनर जास्त काळ वरचढ राहील, ते एका पॉइंटनं का होईना खरं निघालं, आणि तरी कप दुसरीकडं गेला. टेनिसमध्ये सगळे पॉइंट सारखे नसतात हे आपण दोघं बालेवाडीला शिकलो होतो ना रे, आणि मी तेच विसरलो.

बालेवाडी आठवलं म्हणून सांगतो, मी परवा ते तिकीट शोधून काढलं. जानेवारी २०१९, महाराष्ट्र ओपनची फायनल, अँडरसन आणि कार्लोविच. आपलं पहिलं भाकीत त्याच तिकिटाच्या मागं पेनानं लिहिलंय, तुझं अक्षर, कार्लोविच. मी अँडरसन लिहिलंय. कार्लोविच एकोणचाळीस वर्षांचा होता, आणि तू म्हणाला होतास की या वयात फायनल खेळणाऱ्या माणसाच्या विरोधात मी लिहिणार नाही. तिन्ही सेट टायब्रेकला गेले. तिसऱ्याचा टायब्रेक ७-५ ला अँडरसननं घेतला आणि तू उभा राहून टाळ्या वाजवत होतास, हरलेल्या माणसासाठी, आजूबाजूचे पार्किंगकडं पळत होते तरी. कार्लोविच बॅग उचलून आत जाईपर्यंत तू बसला नाहीस. मला तो संद्या माहितीय. म्हणून सोमवारी फोनवर ते वाक्य ऐकल्यावर मला लागलं. हरलेल्या माणसाबद्दल तू असं बोलत नाहीस.

कार्लोसबद्दल माझ्या मनात काही नाही हे पण लिहून ठेवतो, नाहीतर म्हणशील पैज हरला म्हणून जळतोय. उलट या स्पर्धेत मला तो जास्त आवडायला लागलाय. शेल्टनविरुद्धच्या मॅचमध्ये त्यानं झेप घेऊन एक व्हॉली मारली, पॉइंट त्याला मिळाला होता, आणि हा स्वतः जाऊन अंपायरला सांगतो की बॉलला लागली तेव्हा रॅकेट माझ्या हातात नव्हती, सुटली होती. पॉइंट परत दिला. कुणी बघितलं नव्हतं रे. असा माणूस जिंकला तर वाईट वाटून घ्यायचं कशाला. पाचवा ग्रँड स्लॅम झाला त्याचा, बावीस वर्षांचा आहे फक्त, आणि नदालनं पाचवा घेतला तेव्हा तो जेवढा होता तेवढाच, दिवससुद्धा तेवढेच. त्याच कोर्टवर पहिल्या दिवशी नदालचा निरोप झाला होता, तो बघताना आपण दोघं फोनवर होतो, तुझा आवाज बदलला होता तेव्हा, मी काही बोललो नाही.

बक्षीस देताना सिनर माईकवर आला. तो म्हणाला की आज रात्री मला नीट झोप लागणार नाही, पण ठीक आहे. सरळ, शांत आवाजात. कार्लोसचं कौतुक केलं, टीमचे आभार मानले. बाबांना इंग्रजी नीट कळत नाही, त्यांनी विचारलं काय म्हणाला तो, मी सांगितलं. बाबा म्हणाले, पोराला झोप कशी लागेल रे. मग उठले आणि स्वतःच्या अंथरुणाकडं न जाता गॅलरीत जाऊन उभे राहिले. साडेबारा वाजले होते. मला पण दोनपर्यंत झोप आली नाही. दोन हजार बावीसची यूएस ओपनची क्वार्टर फायनल आठवत होती, याच दोघांची, तेव्हा पण चौथ्या सेटला सिनरकडं मॅच पॉइंट होता आणि तेव्हा पण कार्लोस सुटला होता. तेव्हा सिनर एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर तो एक नंबर झाला, तीन ग्रँड स्लॅम घेतले. म्हणजे असा पराभव त्यानं एकदा पचवलाय. हा त्याच्यापेक्षा मोठा आहे, मान्य, पण हाच परत उभा राहणार नाही असं मला कुणी सांगू नये.

म्हणून विम्बल्डनचं माझं आत्ताच लिहून देतोय, कोण कुणाशी खेळणार तो ड्रॉ यायच्या आधी. सिनर. दोन वर्षं कार्लोस जिंकलाय तिथं, दोन्ही वेळा जोकोविचला हरवून, आणि सिनर अजून फायनललाही पोचला नाही, २०२३ ला सेमी तेवढी खेळला, सगळं माहितीय. तू म्हणशील हा हट्ट आहे. पण गवतावर बॉल खाली राहतो, पटकन येतो, त्याचे ते सपाट फटके तिथं मातीपेक्षा जास्त टोचणार, आणि कार्लोसला मातीवर जो एक सेकंद जास्त मिळतो पळायला, तो तिथं मिळणार नाही. आणि दुसरं कारण असं की मला तो जिंकायला हवाय. हे कारण भाकितात धरायचं नसतं असं तूच मला शिकवलंस, तरी मी धरतोय.

३० जूनला सुरू होतंय, फायनल १३ जुलैला, रविवार आहे. तुझं नाव कागदावर लिहून पोस्टानं पाठव, मेसेज नको, त्या तिकिटाबरोबर ठेवायचंय. आणि सोमवारची सुट्टी टाक आत्ताच, इकडं ये शनिवारी रात्री, गाडी थेट आहे. बाबांनी विचारलंय संदीप येणार का म्हणून. शेजारचे काका पण बसणार म्हणालेत, त्यांना टायब्रेक काय असतो ते तू समजाव, माझ्यानं झालं नाही.

भडंग डब्यात काढून ठेव, पाकीट उघडं राहिलं की मऊ पडतं.

तुझा,
अव्या