विमानातली वळकटी : हलकी हवी, पण झोप मोडणारी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या विमानातून भटकंती करून रात्री विमानाशेजारीच तंबू ठोकणाऱ्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. विषय आमच्या घरचाच, म्हणून दोनदा वाचला. मात्र अंथरुण-पांघरुणाबद्दल त्यात 'जितके हलके तितके उत्तम' असा जो एकच मंत्र दिला आहे, तो पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढणाऱ्यांचा आहे. विमानाचा हिशेब निराळा असतो.

विमान मी चालवते आणि शेजारच्या सीटवर आमचे हे असतात. सामान जमवण्याचे खाते त्यांच्याकडे, ते नाकारण्याचे माझ्याकडे. त्यामुळे पुढे लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर आमच्याकडे एकदा तरी वाद झालेला आहे, असे समजावे.

हलके सामान लागते हे खरेच. दोन सीटच्या सेस्ना १५२ चे उदाहरण घेते. उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ७५७ किलो. रिकामे विमान साधारण ५१५ किलो; नेमका आकडा ज्याच्या त्याच्या विमानाच्या कागदांत पाहावा. राहिले २४० च्या आसपास. ७५ किलोची दोन माणसे बसवा, टाक्या भरा (विमानाचे पेट्रोल लिटरला सुमारे ७२० ग्रॅम भरते), की हातात वीस-बावीस किलो उरतात. त्यातच विमान बांधायचे दोर आणि खुंट्या, पाणी, तेलाचा डबा, हत्यारे, कपडे. तंबू धरून झोपण्याच्या सामानाला दोघांत मिळून सहा किलो आले तर नशीब. त्याहून तीन किलो जास्त हवे असतील तर तेवढे पेट्रोल कमी भरा, म्हणजे दहा-अकरा मिनिटांचे उड्डाण गेले. ह्यांच्या घडीच्या खाटेचा प्रश्न मी याच भाषेत निकालात काढला. कंबरदुखीमुळे ज्यांना जमिनीवरून उठवत नाही त्यांनी खाट जरूर न्यावी, पण तिच्या बदल्यात काय घरी ठेवणार ते आधी ठरवावे. शिवाय खाटेच्या खालून गार वारा वाहतो, म्हणजे थंडीत तिच्यावरही मॅट लागतेच.

सहा किलो ठरले, तर ते कशावर खर्च करायचे? माझे उत्तर : आधी मॅट, मग स्लीपिंग बॅग, उरलेल्यात तंबू. बहुतेक लोक नेमके उलट करतात. भारी पिसांची बॅग घेतात आणि खाली पातळ फोम टाकतात. बॅगेची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेची असते. अंगाखाली ती पिसे चेपली की हवा निघून जाते आणि पाठीला जमीन थेट लागते. म्हणून मॅट घेताना जाडीच्या आधी तिचा 'आर' आकडा पाहावा. थंडी अडवण्याची ताकद त्यात कळते, आणि एएसटीएम एफ३३४० हे मानक आल्यापासून वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. उन्हाळ्याच्या रात्रीला दोनच्या आसपास पुरतो, गारठ्यात चार किंवा जास्त हवा. एकावर एक घातलेल्या मॅटचे आकडे मिळवता येतात, ही त्यातली सोय. माझी फुगवायची मॅट अर्ध्या किलोच्या आत बसते. तिच्याखाली मी घडीच्या फोमचा एक तुकडा टाकते. काटा किंवा खडा टोचून हवा गेलीच, तर निदान फोमवर रात्र निघते. दिवसा तोच तुकडा सीटवर, पाठीशी.

फुगवायच्या मॅटची एक गोष्ट पायी फिरणाऱ्यांच्या माहितीपत्रकात क्वचितच सापडते. ८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश होतो. आपोआप फुगणारी मॅट गुंडाळताना आत हवा राहिली आणि व्हॉल्व्ह बंद असला, तर तिथे ती हवा तिसऱ्या हिश्श्याने फुगू पाहते. पिशवी टम्म होते, शिवणींवर आणि चिकटवलेल्या जोडांवर ताण येतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवून गुंडाळले की प्रश्नच मिटला. रात्री नेमके उलटे होते : संध्याकाळी कडक फुगवलेली मॅट गारव्याने मऊ पडते. झोपण्याआधी दोन फुंका मारून घ्याव्यात.

बॅगेवरच्या तापमानांविषयी भगिनींसाठी खास. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे लेबलावर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे असतात. कम्फर्ट हा सैल पडून झोपलेल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी, तर लिमिट हा अंग आखडून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषासाठी. बॅगेच्या नावात बहुधा दुसराच मिरवतो. आपण पहिला वाचावा. पिसे की कृत्रिम तंतू, या वादात मी पिसांच्या बाजूची आहे. तेवढ्याच उबेला ती हलकी पडतात आणि लहान गुंडाळतात. पण भिजली की बसतात. पहाटे दवाने भिजलेला तंबू संध्याकाळच्या कोरड्या तंबूपेक्षा चांगलाच जड भरतो. आमचे हे तो हुकाच्या काट्याला टांगून आकडा मोठ्याने वाचतात, म्हणून ठाऊक. तो ओला तंबू बॅगेबरोबर एकाच पिशवीत कोंबला, की दुसऱ्या रात्री कुडकुडणे आले. आमच्याकडे ओल्या तंबूला वेगळी जलरोधक पिशवी आहे, आणि सकाळी वजनाचा हिशेब त्याच्या ओल्या वजनाने पुन्हा होतो. लेबलावरच्या वजनात खुंट्या आणि पिशव्या कित्येकदा धरलेल्याच नसतात, हेही तो काटाच सांगतो.

वजनाइतकाच जागेचाही प्रश्न असतो. सीटमागच्या सामानाच्या जागेला मर्यादा ठरलेली असते. १५२ मध्ये एकूण ५४ किलो, त्यातही अगदी मागच्या भागात १८ च. मागे भार वाढला की गुरुत्वमध्य मागे सरकतो, विमान नाकाला चंचल होते आणि स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल सुटते त्या अवस्थेतून, बाहेर काढणे अवघड जाते. झोपण्याचे सामान आकाराने मोठे पण हलके, म्हणून मागच्या भागाला तेच योग्य. पाणी, हत्यारे, लोखंडी खुंट्या सीटला लागून पुढे. सगळ्यावर जाळी घट्ट ओढायची.

आता 'हलके तितके उत्तम' मला का खटकते, ते. पायी फिरणारा रात्रभर तळमळला, तर सकाळी हळू चालतो. वैमानिकाला सकाळी उड्डाण करायचे असते. उड्डाणाआधी स्वतःला तपासण्याची इंग्रजीतली 'आयएमसेफ' यादी वैमानिकांना पाठ असते : आजार, औषधे, ताण, मद्य, थकवा, मनःस्थिती. त्यातला थकवा आदल्या रात्रीच्या अंथरुणावर ठरतो. दोनशे ग्रॅम वाचवायला मॅट पातळ घेतली आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, हा सौदा मला मंजूर नाही. झोप झाली नसेल तर मी उड्डाण दुपारवर ढकलते. पण मग ऊन चढते, हवा विरळ होते, गवताच्या आखूड पट्टीवर विमान लांब धावते, आणि आधी वाचवलेले ग्रॅम कुठच्या कुठे जातात. म्हणूनच ह्यांची उशी मी मंजूर केली आहे. घोरणे कमी होते असा त्यांचा दावा आहे, मला पुरावा अजून मिळालेला नाही.

शेवटी एक विनंती. लेखासोबतच्या छायाचित्रात वरच्या पंखाच्या विमानाच्या डाव्या पंखाखाली तंबू आणि त्याच्या दारात पेटलेली शेगडी दिसते. पंखाखाली दव कमी पडते, म्हणून जागा मोहात पाडते खरी. पण सेस्ना १५२ आणि १७२ मध्ये टाकीच्या हवेची नळी डाव्या पंखाखाली, तिरक्या दांडीजवळच बाहेर येते. टाकी काठोकाठ भरलेली असली आणि ऊन लागले, की पेट्रोल प्रसरण पावून तिथून ठिबकते. खाली नायलॉनचा तंबू, त्यात पिसांची बॅग आणि शेजारी ज्योत! तंबू त्या नळीपासून दूर आणि शेगडी विमानापासून पुष्कळ लांब असावी. ते छायाचित्र पुन्हा वापरू नये, आणि शक्य झाल्यास पुढच्या अंकात त्याबद्दल दोन ओळींचा खुलासा छापावा.

आपली,
एक हौशी वैमानिक वाचक