मारहाण झाली नाही, म्हणजे छळ नाही?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

15 जून हा ज्येष्ठांच्या छळाविरुद्ध जागृतीचा दिवस. या निमित्ताने बातम्या येतात त्या मारहाणीच्या, नाहीतर आईला परगावी सोडून निघून गेलेल्या मुलाच्या. पण घरोघरी जो छळ मुकाट्याने चालतो त्याचे वळ अंगावर उठत नाहीत, म्हणून त्याला कुणी छळ म्हणतच नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं पेन्शनच्या काउंटरवर गेली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी एक आजी मुलाबरोबर येत. प्रश्न आजींना विचारला तरी उत्तर मुलगा द्यायचा. पासबुक त्याच्या खिशात, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, खात्याला मोबाइल नंबर त्याचाच. आजी शाईचा अंगठा पदराला पुसत उभ्या. एकदा तो झेरॉक्स काढायला बाहेर गेला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, माझा पगार किती येतो हो?" नवऱ्यामागे मिळणारी स्वतःची पेन्शन त्यांना ठाऊक नव्हती. श्रावणबाळ योजनेच्या 1500 रुपयांचीही अनेक घरांत हीच गत आहे.

हा झाला आर्थिक छळ. रात्री उठवावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणं, फुटलेला चष्मा महिनोन्‌महिने तसाच ठेवणं, हीसुद्धा हेळसांडच. घरात असून अबोला धरणं, नातवंडांना जवळ जाऊ न देणं, "तुम्हाला काय कळतंय" म्हणून चारचौघांत गप्प करणं, यांनी माणूस आतून खचतो. सगळ्यात जिव्हारी लागते ती वाटणी: आई थोरल्याकडे, वडील धाकट्याकडे. सगळा जन्म एकत्र काढलेल्या दोघांना उतारवयात फोनवर बोलायचीही चोरी!

सगळा दोष सुनेच्या माथी मारायची आपली सवयही सोडली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं रात्रंदिवस करणारी सून थकते, कधी चिडते. तिला मदत हवी. ठरवून लुबाडणाऱ्याला मात्र कायद्याचाच धाक हवा.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा तो कायदा 2007 पासून आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून दरमहा 10 हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरी मेख आहे कलम 23 मध्ये. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन दिली आणि पुढे सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. 'अटीवर' हे महत्त्वाचं. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटीवर नेमकं बोट ठेवलं: अशी अट नसेल, तर हे कलम लागू होत नाही. जानेवारी 2025 च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने वाचावा, असं न्यायालयाने सांगितलं खरं, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. आपल्याकडे बक्षीसपत्र होतं ते मायेपोटी, नाहीतर दबावापोटी. "पोटच्या पोराला कसली अट घालायची?" असं म्हणून सही होते, आणि वर्षभरात म्हातारा-म्हातारी जिन्याखालच्या खोलीत जातात.

माझी शासनाला कळकळीची विनंती आहे. ज्येष्ठ व्यक्ती बक्षीसपत्र करायला आली, की दुय्यम निबंधकांनी मुलांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलावं आणि सांभाळाची अट घालता येते हे तिला समजेल अशा मराठीत सांगावं. बँकांनीही हयातीच्या दाखल्याच्या वेळी खातेदाराला एकट्याला बसवून, खात्यात किती जमा झाले ते वाचून दाखवावं. याला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. आणि शेजारी काही खटकलं तर वाचकांनी 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर जरूर कळवावं. फोनला पैसे पडत नाहीत.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा